प्लायवूडचं मशीन आणि पापडाचा डबा

बाई, तुम्ही टीव्ही बघत नसायचात ते बरंच होतं, कारण हल्ली एका मालिकेत तुमच्या मशीनचं जे काही करून दाखवलंय ते बघून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असतात. तुम्ही चष्मा काढलात की खोलीतली माणसं उगाचच कामाला लागायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही नावाला, पत्रबित्र लिहायची सवय नाही. पण हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्यांना सांगून उपयोग होता ती सगळी माणसं आता तुमच्याकडेच आहेत. इथे उरलेल्यांपैकी कारखान्यातली ती तुमची मशीनची खोली आतून पाहिलेली माझ्या माहितीत मी एकटीच, आणि मी तिथे फरशी पुसायला होते.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी मुलाकडे बिबवेवाडीत असते. मुलगा मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब बघतो, सून घरीच ब्लाउज शिवते. त्यांची मुलगी इंजिनियर झाली आणि खराडीच्या एका कंपनीत लागली. सुरुवातीचं शिक्षण झाल्यावर कंपनीने तिला मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, टाकलं. आपण नुसतं मशीन म्हणायचो ना, त्याचंच हे भारदस्त नाव. परदेशातली कुठलीशी बँक आहे, तिचे सगळे व्यवहार असल्या मशीनवर चालतात आणि त्यातले बिघाड माझी नात इथे बसून निस्तरते. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा चपला काढता काढताच म्हणाली, आजी, तुझंच मशीन मिळालंय मला. मी म्हटलं, हात धू आणि जेवायला बस. आनंद झाला म्हणून काही लगेच नाचायचं नसतं.

तर नवरात्र बसायच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी आम्ही सगळे जेवत मालिका बघतोय. सरकारी कचेरीचं तळघर दाखवलंय. दार करकरतं, आत जाळीजळमटं, आणि भिंतभर पसरलेलं एक धूड. त्यावर लाल-हिरवे दिवे दिवाळीसारखे पळतायत, दोन भल्यामोठ्या चकत्या घाण्यासारख्या गरगर फिरतायत, आणि दर शब्दागणिक ते धूड कुंईं कुंईं करतंय. त्याच्याशेजारी एक खोकणारा म्हातारा. तो सांगतो, हे मेनफ्रेम आहे, साहेब, हे आता काय जगत नाही. मग नायिका येते, मांडीवर लॅपटॉप उघडते, दोन बटणं दाबते, की त्या धुडातून धूर निघतो आणि ते बसकण मारतं. म्हातारा नमस्कार करतो. माझा मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर नातीला म्हणाला, हेच का गं तुझं ऑफिस, आणि तो खोकणारा तुझा साहेब का. ती आधी हसली. मग ताटातला भात कडेला सारत बसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींनी तोच तुकडा तिला फोनवर पाठवला, एकीने नाही, सगळ्यांनी. वर हसून हसून रडणारी ती पिवळी तोंडं. त्या मैत्रिणी नव्या नव्या नावांची कामं करतात, मला ती नावं येत नाहीत, त्यांनाही ती समजत असतील असं नाही, पण नावं नवी आहेत हे खरं. गुरुवारी नातीने जाहीर केलं की सोमवारी साहेबांना भेटून दुसरं काम मागणार, आणि दिलं नाही तर नोकरी सोडणार. मुलगा म्हणाला, मी म्हणतच होतो, मेलेल्या मशीनवर तरुणपण घालवू नकोस, उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं, मुलगी भंगारात काम करते म्हणून. आणि वर मला ऐकवलं, "आई, ते मशीन मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या आडतीशेजारच्या गोडाऊनमध्ये आहे. तिथेच बनवलं मालिकावाल्यांनी."

मी म्हटलं, कशाचं बनवलं.

"प्लायवूडचं."

बाई, एकुलता एक मुलगा आहे, काय बोलणार. नातीने नोकरी सोडण्याचं मला काही नव्हतं. काम नकोसं होतं, माणूस सोडतो, मीही दोन घरची धुणी सोडलीच की. मी तिला एवढंच म्हणाले, कंटाळा आला तर खुशाल सोड, लाजून सोडू नकोस. ती म्हणाली, आजी, तुला नाही कळणार. मला ते प्लायवूड काही केल्या सहन होईना. माझ्या नातीच्या पायाखालची फरशी काढायला निघालेलं ते मशीन म्हणजे लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल. ठरवलं, शनिवारी मार्केट यार्डात जायचं आणि त्या मशीनच्या जन्मदात्याला गाठायचं.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला आपली खोली दिसायला लागली. कामाला लागले तो पहिला दिवस. मे महिना, बाहेर डांबर वितळतंय आणि तुमच्या खोलीत माझ्या अंगावर काटा. जमिनीवर दुसरी जमीन, खाली पोकळ, त्यातून वायरींचा गुंता आणि गार वारा. मी झाडू घेऊन आत येते आणि तुम्ही मला दारातच थांबवता. झाडू या दाराच्या आत आला तर तू बाहेर, हे तुमचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मग तुम्ही फडकं भिजवून, पिळून, पुन्हा पिळून माझ्या हातात देता आणि पुसायचं कसं ते स्वतः वाकून दाखवता, नऊवारी नेसणाऱ्या बाईला पाचवारी नेसणारी बाई फरशी पुसायला शिकवतेय. धूळ उडवायची नाही, उचलायची. पगाराचे हिशेब साठवायच्या टेपवर धुळीचा कण बसला तर मशीनला वाचता येत नाही, आणि वाचता आलं नाही तर कुणाचा तरी ओव्हरटाइम बुडतो. तुझ्या नवऱ्याचाही असू शकेल, असं तुम्ही म्हणालात. माझा नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता हे तुम्ही पहिल्याच दिवशी माहीत करून घेतलं होतं.

मी मशीनच्या कपाटांकडे बघून विचारलं होतं, हे चालू आहे का. कारण मला काहीच दिसत नव्हतं. म्हणजे दिवे अगदीच नव्हते असं नाही, खोटं कशाला सांगू, एका पाटीवर बारीक बारीक दिवे होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. टेपची चक्रं होती, ती घाण्यासारखी फिरत नव्हती. थोडी पुढे जायची, थबकायची, मागे यायची, परत पुढे, तांदळातून खडे वेचणाऱ्या बाईच्या बोटांसारखी. आवाज होता तो गार वाऱ्याचा आणि छपाईच्या यंत्राचा. मशीन स्वतः कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणालात, चालू आहे म्हणून तर गप्प आहे. माझा नवरा एकदा दुपारच्या सुट्टीत भट्टीवरून तसाच काळ्या हातांनी आला आणि काचेला नाक लावून आत बघत राहिला. संध्याकाळी घरी म्हणाला, एवढं कौतुक सांगतेस, आहेत काय, तर कपाटं. तुला कपाटं पुसायला ठेवलीय. मी भाकऱ्या थापत राहिले. दाखवायला होतंच काय.

आणि मग ती खंडेनवमी. तुम्हाला ती आठवत असणारच, तुम्ही विसरणाऱ्यातल्या नव्हतात. सगळा कारखाना धुऊन पुसून सजलेला. प्रत्येक लेथला झेंडूची माळ, हातोड्यांना, पान्यांना हळदकुंकू, माणसांच्या तोंडाला गुलाल, नारळ फुटतायत. आणि आपल्या खोलीत काही नाही. इतकं काम करणारं मशीन आणि त्याच्या नशिबी एक फूल नाही, हे मला बघवेना. तुम्ही मोठ्या साहेबांच्या पूजेला गेलेल्या, खोलीत छपाईच्या यंत्रावर बसलेला एकच माणूस, तो माझा भाऊ लागत असल्यासारखा म्हणाला, लाव की, देवाचं आहे. मी तबक घेऊन आत गेले. प्रत्येक कपाटाला हळदकुंकवाचं बोट लावलं. टेपच्या कपाटाला झेंडूची माळ घातली. आणि एका केळ्यात उदबत्त्या खोचून केळं वर ठेवलं. हात जोडले. डोळे मिटलेले असतानाच घंटा वाजायला लागली.

मला आधी वाटलं, मशीनला पूजा पावली.

मग आग विझवणारी मंडळी धावत आली, सगळ्यांची तोंडं गुलालाने लाल, गळ्यात माळा, हातात वाळूच्या बादल्या. वरात घेऊन आल्यासारखी. एकाने बादली उचललीच होती, इतक्यात तुम्ही आलात. चष्मा काढलात. म्हणालात, "वाळू बाहेर. माणसं बाहेर. हिला आत राहू दे." त्या क्षणी मला वाळूच बरी वाटली असती. तुम्ही ओरडला नाहीत. कापूस दिलात आणि जाळ्यांच्या फटीत गेलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढायला बसवलंत, कुंकू टिपायला बसवलंत, संध्याकाळ होईपर्यंत, आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून राहिलात. मधेच म्हणालात, "आज पगाराचं काम चालू होतं. काल तू फरशी नीट पुसलीस, तीच याची पूजा. आज तू ती मोडलीस." मोठ्या साहेबांनी मला काढून टाकायला सांगितलं, तर तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, की धूर केला तर काय होतं हे या खोलीत आता हिच्याइतकं कुणालाच माहीत नाही, तेव्हा हिलाच ठेवा.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळपासून मान खाली घालून फरशी पुसत होते. तुम्ही मला काचेबाहेर बोलावलंत. बाहेर पाट मांडलेला, पाटावर बाद झालेली एक टेप तिच्या गोल पारदर्शक डब्यासकट. म्हणालात, मशीनला बाहेर येता येत नाही, त्याच्या वतीने हा आलाय, काय लावायचं ते याला लाव. आणि पहिलं कुंकू तुम्ही लावलंत. पूजा झाल्यावर टेप काढून घेतलीत, ती नियमाने नष्ट करायची होती, आणि रिकामा डबा मला दिलात. "घे. यात धूळ जात नाही, वारा जात नाही. पापड ठेव." मधली मूठ फिरवली की कट्‌ आवाज होऊन झाकण बसतं. बाई, तुम्ही गेलात, माझा नवरा गेला, कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत, पण त्या डब्यातला पापड भर श्रावणात अजून मऊ पडलेला नाही.

म्हणून शनिवारी मी पुरावा म्हणून तो डबाच पिशवीत घातला. पापड काढून ठेवायला वेळ नव्हता, पापडांसकट घातला. नातीला म्हटलं, मला मार्केट यार्डात सोड. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, लसूण घ्यायचाय. स्कूटरवर मागे बसून गेले, आणि आडतीपाशी उतरल्यावर लसणाकडे न बघता सरळ शेजारच्या गोडाऊनमध्ये शिरले. नात माझ्यामागे, आजी, आजी, करत.

आत अजब कारखाना. एकीकडे देवळाचा अर्धा गाभारा, दुसरीकडे पोलीस चौकीची एकच भिंत, मधे दवाखान्याची खाट, आणि सगळ्याला कांद्याचा वास. तिथे ते धूड उभं. पुढून राखाडी, मागून उघडंवाघडं प्लायवूड. दिवे म्हणजे गणपतीला लावतात त्या माळा, भोकांतून बाहेर काढलेल्या. आणि फिरणाऱ्या चकत्या म्हणजे, बाई, ॲल्युमिनियमच्या दोन पराती, टेबलफॅनच्या मोटरींवर बसवलेल्या. पीठ मळायच्या पराती. जळमटं कापसाची.

ते सगळं उभं करणारा माणूस पन्नाशीचा, कपाळावर चष्मा, कानावर पेन्सिल. मला बघून म्हणाला, आजी, मंगल कार्यालय पुढच्या गल्लीत आहे. मी म्हटलं, अहो, लग्नाला नाही आले, मयताला आलेय, तुम्ही ज्याला मारलंत त्याच्या. त्याला वाटलं मी मालिकेतल्या कुठल्या पात्राबद्दल बोलतेय. म्हणाला, तो परत येणार आहे पुढच्या महिन्यात, जुळा भाऊ म्हणून. मग मी त्या धुडावर हात ठेवला आणि माझं सगळं सांगितलं. अशी खोली नसते, तिथे जळमट धरायला कोळी शिरू शकत नाही, चक्र असं फिरत नाही, मशीन कुंईं कुंईं करत नाही. आणि धूर तर नाहीच, आमच्या मशीनच्या खोलीत पगाराचं काम चालू असताना एकदाच धूर झाला आणि तो माझ्या उदबत्तीचा होता.

माणूस ऐकणारा होता, हे मान्य करायला हवं. खुर्ची दिली, चहा मागवला. मग शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणता तशी खोली मी उभी केली तर बघणारे म्हणतील, हे फ्रिजचं दुकान आहे. डॉक्टरच्या गळ्यात ते नळीचं यंत्र नसेल तर लोक त्याला कंपाउंडर समजतात. लोकांना दिवे लागतात."

मी म्हटलं, "कंपाउंडरला डॉक्टर दाखवा, माझी ना नाही. पण जिवंत माणसाला मेलेलं दाखवू नका. घरात त्याची माणसं असतात."

तो चहा ढवळत राहिला. मग त्याने विचारलं की पिशवीत काय आहे. मी डबा काढून दाखवला. हा खरा, अशा डब्यात टेप असायची, बघा. त्याचे डोळे चमकले. झाकण फिरवलं, कट्‌ झालं, आत उडदाचे पापड. म्हणाला, हा मला द्या, जवळून दाखवू, पडदा भरून दाखवू, मग तर खरं होईल ना. आणि बाई, मी क्षणभर विरघळले. तुमचा डबा, पडदाभर. मी त्याला सांगायला लागले की टेप कशी लावायची, हात कसे कोरडे हवेत, थंडी कशी असायची.

"नाही काका, एक मिनिट."

नात बोलली. इतका वेळ ती त्या दवाखान्याच्या खाटेपाशी मी दुसऱ्याच कुणाची आजी असल्यासारखी उभी होती. म्हणाली, "हे पण चुकीचंय. आजी, तूही जुनंच सांगतेयस. आता अशी टेप कुणी हाताने लावत नाही, खोलीत माणूसच नसतो. एवढंसं काळं कपाट असतं, आपल्या फ्रिजपेक्षा थोडं मोठं. त्यातला एखादा भाग बिघडला तर मशीन बंद न करता बदलतात, व्यवहार चालूच असतात. तो लॅपटॉप त्याच्यापुढे काय करणार आहे, नायिका चार्जिंग करत बसेल. मी जे प्रोग्राम वाचते ना, त्यातले काही बाबांपेक्षा मोठे आहेत वयाने, आणि आजसुद्धा, आत्ता, तुमचा चहा गार होतोय तोवर, कुणाचा तरी पगार त्यातून जमा होतोय. माझं मशीन तुझ्या मशीनच्या इतकं पुढे गेलंय आजी, की तू समोरून गेलीस तर ओळखणार नाहीस."

मला चपराक बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की खरं मशीन मी पाहिलंय, आणि माझंही चित्र त्या परातींच्याच पंगतीतलं निघालं, फक्त जरा बऱ्या रंगाचं. पण बाई, मी कान देऊन ऐकलं होतं. ती "माझं मशीन" म्हणाली होती. मी डबा मिटला, कट्‌, आणि पिशवीत टाकला.

माणसाने नातीला विचारलं की मग ते प्रत्यक्षात दिसतं कसं, तुम्ही बघितलंय का. ती म्हणाली, फोटोत. मशीन समुद्रापलीकडे आहे, आमच्या ऑफिसमधल्या कुणीच पाहिलेलं नाही. त्यावर तो पहिल्यांदा मोकळं हसला. म्हणाला, आजींचं जुनं झालं, तुम्ही पाहिलं नाही, मी तर परातीच लावल्यात, म्हणजे तिघं बसून ज्याच्याबद्दल भांडतोय त्याला कुणीच ओळखत नाही. मी म्हटलं, तुम्ही भांडू नका, तुम्ही जळमटं काढा. बराच वेळ घासाघीस झाली, मेथीच्या जुडीवर करतात तशी. शेवटी ठरलं ते असं. जळमटं जाणार, धूर जाणार, म्हातारा खोकणार नाही. दिवे राहणार. दिव्यांवर माझं पोट आहे आजी, असं म्हणाला. परातींचं बघतो म्हणाला. पुण्यात बघतो म्हणजे नाहीच, हे मला कळतं, पण मी तोवर दमले होते. निघताना त्याला चार पापड दिले.

 येताना गंगाधाम चौकात सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा नातीने मान वळवून विचारलं, तुमच्या त्या बाईंना कुणी हसलं नव्हतं का तेव्हा. मी सांगितलं, हसायचे की. कारखान्यात सगळी माणसं लोखंडाशी झुंजायची आणि ही बाई कपाटांची राखण करते, असं म्हणायचे. माझा नवराच म्हणायचा. मग त्या काय करायच्या, तिने विचारलं. मी म्हटलं, पगार वेळेवर काढायच्या. सिग्नल सुटला.

सोमवारी ती उशिरा घरी आली. मुलगा दारातच उभा, काय झालं, मिळालं का दुसरं काम. ती म्हणाली, मागितलं नाही. तो म्हणाला, का. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "कंटाळा यायचाय अजून." मुलगा म्हणाला, बघ बाबा, पुढे मला बोल लावू नकोस. त्याचं मत काही बदललेलं नाही. तो अजून त्याच्या शेठना सांगतो की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि त्यापुढे गप्प बसतो. एका दिवसात सगळं घर सुधारायला मी काही मालिका नाही.

खंडेनवमीला मुलाने स्कूटर धुतली, सुनेने शिलाई मशीनला हार घातला. मी नातीला म्हटलं, तुझा लॅपटॉप आण, ठेव पाटावर. ती म्हणाली, लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी आहे आजी, काम तिकडे होतं. मग स्वयंपाकघरात गेली, डबा खाली काढला, पापड परातीत ओतले, आणि कोरड्या फडक्याने डबा आतून-बाहेरून पुसला. फडकं झटकलं नाही. उचलून त्याची घडी केली. हे मी तिला शिकवलेलं नाही, बघून आलं असेल. डबा पाटावर ठेवला, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मी सवयीने उदबत्ती पेटवली, तर म्हणाली, ती लांब लाव. सून म्हणाली, देवाला कसली गं लांब. मी उदबत्ती दारापाशी नेऊन खोचली.

काल त्या मालिकेत ते तळघर परत दाखवलं. जळमटं नव्हती. धूर नव्हता. म्हातारा होता, पण त्याला खोकला नव्हता, खुर्चीत ताठ बसून नायिकेला म्हणाला, याला हात लावू नका, बाई, पगाराचं काम चालू आहे. मी चमचा खाली ठेवला. पराती मात्र फिरत होत्याच आणि दिवे तर पहिल्यापेक्षा जास्त, निळेही आणलेत. तेव्हा मी परत जाणार आहे. परातींचा निकाल लावायचाय, आणि नातीने तिच्या काळ्या कपाटाचा फोटो मोठा छापून आणायचं कबूल केलंय. तो माणूस मला बघून पळून जाणाऱ्यातला नाही, आणि गेला तरी गोडाऊन कुठे जातंय.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि असता तरी टाकलं नसतं, तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं असतंत. पण एक गोष्ट त्या माणसाला सांगितली नाही, नातीलाही नाही, ती इथे लिहून ठेवते. दिवे छान दिसतात, बाई. काल ते निळे पळायला लागले तेव्हा मला वाटलं, आपल्या खोलीत असा एक जरी मोठा दिवा असता, तर त्या दुपारी काचेला नाक लावून उभ्या असलेल्या माझ्या माणसाला कळलं असतं, मी कुठे काम करते ते.